गणपतीआधी छपरावर कुणालाही चढवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवरुखजवळच्या गावात साठ वर्षांचे चौपाखी कौलारू घर आहे आणि आई तिथे एकटी राहते. छपराची मागची पाखी, म्हणजे मागचा उतार, हिरवीगार झाली आहे, पुढची काळी पडली आहे आणि दोन ठिकाणी गळते. गणपतीला सगळे घर गोळा होणार, त्याआधी छप्पर स्वच्छ करून हवे आहे. एक जण प्रेशर मशीन आणून एका दिवसात धुऊन देतो म्हणतो, शेजाऱ्यांनी ॲसिड सुचवले आहे आणि अमेरिकेतल्या भावाने ब्लीच मारून छप्पर उजळवल्याचा व्हिडिओ पाठवला आहे. पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत, तेही याच हिशेबात धुऊन घ्यावेत का, हेही तुम्ही विचारले आहे.

मी २८ वर्षे रत्नागिरी-सिंधुदुर्गात शाकारणीची, म्हणजे कौले उतरवून, साफ करून पुन्हा बसवण्याची कामे करतो आहे. आधी वडिलांच्या हाताखाली केली, नंतर स्वतःची माणसे घेऊन. तुम्हाला सर्वांत आधी एकच सांगतो: गणपती होईपर्यंत त्या छपरावर कुणालाही चढवू नका. श्रावण-भाद्रपदात कौल पाण्याने टिच्च भरलेले असते आणि शेवाळ फुगलेले असते. त्यावर पाय पडला की साबणाच्या वडीवर पडल्यासारखा सरकतो. माझ्या ओळखीतले दोघे छपरावरून पडले, दोघेही पावसाच्या दिवसांतच पडले. त्यातला एक अजून अंथरुणाला खिळून आहे. मखरामागचे छप्पर हिरवे दिसले म्हणून बाप्पाला काही कमी पडत नाही.

गळतीचे काम मात्र आजच करता येते आणि तेही आतून. मंगलोरी कौल खिळ्याने ठोकलेले नसते. पोटाकडच्या उंचवट्यावर ते रिपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीला, नुसते अडकलेले असते. गावातल्या जाणत्या माणसाला माळ्यावर पाठवा, आणि माळ्याच्या फळ्या कुजलेल्या नाहीत ना ते आधी बघा. वरचे कौल हाताने थोडे वर सरकवायचे, फुटलेले आत ओढून काढायचे, त्या जागी धड कौल सरकवायचे आणि वरचे पुन्हा जागेवर आणायचे. कौल फुटलेले नसेल तर शेजारच्या दोन कौलांमधली खाच शेवाळाने किंवा पाचोळ्याने बुजलेली असेल. ती बांबूच्या कामटीने मोकळी करा. दहातल्या सात-आठ गळत्या एवढ्यावर थांबतात.

ही खाचच खरे तर सगळ्याचे मूळ आहे. मंगलोरी कौलाच्या एका कडेला पन्हळी असते आणि दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी कडा. सांध्यात शिरलेले पाणी त्या पन्हळीतून खालच्या कौलावर जाते, तिथून पुढच्या आणि शेवटी पागोळीला. जर्मन मिशनऱ्यांनी १८६०च्या दशकात मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून या कौलाची रचना फारशी बदललेली नाही, कारण बदलावी अशी गरजच पडली नाही. (घरात एखादे १८६५ साल उमटलेले बासेल मिशनचे कौल सापडले तर ते जपून ठेवा. मात्र ते साल कारखान्याचे असते, कौलाचे नव्हे.) त्या पन्हळीत शेवाळाची गादी बसली की पाणी तुंबते, मागे सरकते आणि रिपेवर उतरते. रीप ओली राहिली की वाळवी आली.

म्हणून छपरावर जे दिसते ते सगळे एकाच मापाने मोजू नका. पुढच्या पाखीवरचा काळेपणा हा सूक्ष्म शैवालाचा पातळ थर आहे. तो भाजलेल्या मातीचे काही बिघडवत नाही. चाळीस वर्षांची काळी कौले उतरवून मी धुतली आहेत, आत नव्यासारखी लाल निघाली. थंड देशांत शेवाळाने धरलेले पाणी कौलात गोठते आणि कौल फुटते. कोकणात ती भीती नाही. काळेपणा डोळ्यांना खटकतो एवढेच.

मागच्या बाजूची हिरवी, मऊ, मखमलीसारखी गादी मात्र काढायला हवी. ती पन्हळी बुजवते, पाचोळा धरून ठेवते आणि छपरावरचे वजन वाढवते. १०० चौरस फुटांना साधारण १५० कौले लागतात. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर दीड हजार कौले, कोरडीच तीन-साडेतीन टन. जुने कौल आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त पाणी सहज धरते. त्यावर ओल्या शेवाळाचा थर आला की साठ वर्षांच्या वाशांवर केवढा भार पडतो याचा अंदाज करा.

करडे, पांढरट, कधी पिवळसर गोल चकते दिसत असतील तर ते दगडफूल. ते मातीला घट्ट धरून बसते. नखाने निघत नसेल तर राहू द्या, ते पाणी अडवत नाही. आणि आढ्यावरच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या, कोन्यांच्या (तिथल्या बाकदार कौलांच्या) सांध्यात पिंपळ, वड किंवा उंबराचे रोप दिसले तर ते सर्वांत धोक्याचे. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येते. ते उपटू नका. मूळ आत तुटते, पुन्हा फुटते आणि उपटताना कोनाही हलतो. बुंध्यापाशी कापा आणि शाकारणीच्या वेळी कोना उचलून मूळ पूर्ण काढा.

आता प्रेशर मशीन. गाडी धुवायला चांगले आहे, कौलाला नाही. कौल भट्टीतून निघते तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर एक घट्ट, गुळगुळीत कातडी असते. जोराच्या पाण्याने शेवाळाबरोबर ती कातडीही सोलली जाते. छप्पर त्या दिवशी लालभडक दिसते, मालक खूश होतो, आणि दोन पावसाळ्यांत पहिल्यापेक्षा दाट शेवाळ येते, कारण खरबरीत झालेले कौल जास्त पाणी पिते आणि मुळांना धरायला जागा देते. शिवाय कौलांची रचना वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी आहे. नळीचे तोंड जरा वर वळले की पाणी सांध्यातून थेट माळ्यावर जाते. चिपळूणकडच्या एका घरात असे धुऊन झाल्यावर सहा महिन्यांनी मला बोलावले. वरून छप्पर देखणे होते, आतून पावणेदोनशे रिपा बदलाव्या लागल्या. मशीनवाल्याला दोष द्यावा असेही नाही, त्याला आत काय झाले ते कधी दिसलेच नाही.

ॲसिडबद्दल माझे मत ठाम आहे: नको. शेवाळ जळते हे खरे. पण कोने ज्या चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेले असतात ते ॲसिडने विरघळते. जस्ताचा पत्रा, वळचणीच्या पन्हळीचे आकडे, खिळे, सगळे गंजते. कौलाने पिऊन घेतलेले ॲसिड पूर्ण धुऊन निघत नाही आणि पुढे पांढरे क्षार फुटतात. आणि ते पाणी पागोळीतून आईच्या तुळशीवर, अबोलीवर, विहिरीच्या काठावर उतरते.

भावाचा व्हिडिओ खोटा नाही, पण त्यातले छप्पर वेगळे आहे. अमेरिकेत बहुतेक घरांवर डांबराच्या शिंगल, म्हणजे चपट्या पट्ट्या असतात. दमट भागात त्यांवर जे काळे ओघळ येतात ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या जिवाणूचे. शिंगलमध्ये चुनखडीची भुकटी असते, तिच्यावर तो पोसतो. तिथल्या शिंगल उत्पादकांची संघटनाच सांगते की प्रेशर लावू नका. घरगुती ब्लीच आणि पाणी समप्रमाणात घ्या, १५ ते २० मिनिटे ठेवा आणि हलक्या पाण्याने धुऊन टाका. भाऊ आपल्या घरावर तसे करत असेल तर बरोबर करतो आहे. आपल्याकडे तेच मिश्रण मी सिमेंटच्या गच्चीवर वापरतो. बाजारात १० टक्क्यांच्या आसपासचे सोडियम हायपोक्लोराइट कॅनमध्ये मिळते. त्याच्या एका भागाला तीन भाग पाणी पुरते. आधी पाणी घ्यायचे, मग त्यात औषध, आणि तेही प्लॅस्टिकच्या बादलीत. कॅन उन्हात किंवा वर्षभर पडून असेल तर त्यातला दम गेलेला असतो.

कौलांवर मात्र मी ब्लीच मारत नाही. सच्छिद्र मातीत ते मुरते, मागे मीठ सोडते, लोखंडी आकडे खाते, आणि शेवाळाची गादी जाड असेल तर वरवर पांढरी करून खालची जिवंत ठेवते. ब्लीच कुठेही वापरलेत तरी एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेवा: ते ॲसिडच्या किंवा संडास साफ करण्याच्या औषधाच्या जवळही नेऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. काल ॲसिड मारले आणि आज ब्लीच, असेही नको. तोंडाला बांधलेला रुमाल त्या वायूपुढे काहीच कामाचा नसतो.

मग करायचे काय? शेवाळ आधी मारायचे आणि मेल्यावर काढायचे. ही दोन कामे आहेत आणि त्यांचे दोन हंगाम आहेत. एका दिवसात दोन्ही उरकायला गेले की जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की कौल जाते.

पहिला हंगाम दिवाळीच्या आसपास, पाऊस गेल्यावर. तेव्हा शेवाळ अजून हिरवे आणि ओलसर असते, म्हणून औषध पिते. मे महिन्यात ते सुकून झोपी गेलेले असते, त्यावर फवारलेले औषध वाया जाते. पुढचे चोवीस तास पाऊस नाही असा दिवस बघा. मी बेंझाल्कोनियम क्लोराइड वापरतो. किनाऱ्यावर कोलंबीच्या तलावांना लागणारे सामान जिथे मिळते तिथे ते 'बीकेसी' या नावाने मिळते, बहुधा ५० टक्क्यांचे. एक लिटरमध्ये २४ लिटर पाणी घातले की दोन टक्क्यांचे द्रावण होते. कॅनवरची टक्केवारी वाचल्याशिवाय मोजमाप करू नका, ८० टक्क्यांचेही येते. कौल ओले दिसेल पण पागोळी गळणार नाही, इतकेच फवारायचे. आंब्याच्या फवारणीला जी लांब बांबूची नळी वापरतात तिने अंगणातून किंवा शिडीवरून बहुतेक छप्पर गाठता येते, वर जावे लागत नाही. पंप मात्र आधी नीट धुऊन घ्या, त्यात कीटकनाशक नको. त्यानंतर धुवायचे नाही, घासायचे नाही. पंधरा-वीस दिवसांत शेवाळ तपकिरी पडते.

हे औषध माशांना अगदी थोडक्या प्रमाणातही मारक आहे. त्यामुळे ओढा, तळे, विहीर यांच्या बाजूची पाखी असेल तर वारा पूर्ण पडलेला असताना सकाळी फवारा आणि विहिरीवर ताडपत्री घाला. वळचणीच्या पन्हळीचे पाणी टाकीत घेत असाल तर तो जोड काढून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यातले पहिले काही जोरदार पाऊस होऊन गेल्यावरच परत लावा. पागोळीखालची झाडे आधी साध्या पाण्याने भिजवा, नंतर पुन्हा एकदा. गुरे त्या दिवशी लांब बांधा. घट्ट औषध हाताळताना रबरी हातमोजे आणि बंद गॉगल हवाच. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवा आणि मग थेट डॉक्टरकडे.

दुसरा हंगाम वैशाख, म्हणजे शाकारणीचा. तोवर मेलेले शेवाळ उन्हाने कुरकुरीत झालेले असते. आता कौलांपर्यंत माणूस न्यायचा नाही, कौल माणसापर्यंत आणायचे. आमच्याकडे दोघे आत, दोघे खाली असतात. एका पाखीच्या तीन-चार ओळी उतरवायच्या, अंगणात घासायच्या, जागेवर लावायच्या आणि मग पुढच्या ओळी. सगळे छप्पर एकदम उघडे करायचे नाही. मे महिन्यातही संध्याकाळी वळीव येतो, आणि माळ्यावरचे भात, कागदपत्रे, जुने पलंग यांचे काय होते ते मी पाहिले आहे.

घासायला नारळाचे सोडण पुरते. तारेचा ब्रश नको, तो कौलावर ओरखडे काढतो. पन्हळीत कामटी फिरवायची, दोन्ही बाजूंनी. नंतर प्रत्येक कौल एका हातात धरून बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजले तर अजून एक पिढी जाईल. बद्द वाजले तर कुठेतरी बारीक चीर आहे, ते वेगळे ठेवा, गोठ्याला किंवा लाकडांच्या खोपीला चालेल. हे वाजवणे माझ्या वडिलांनी शिकवले. नवीन पोरांना ते वेळकाढू वाटते. पण गळणारे कौल वर गेल्यानंतर शोधण्यापेक्षा खाली हातात सापडलेले बरे. आणि कौल उचलताना उघडा हात खाली घालू नका. विंचू, गोम यांची ती आवडती जागा. गांधीलमाश्यांचे पोळे असेल तर काम थांबवा.

त्याच वेळी रिपा आणि वासे हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, पोकळ आवाज येईल तिथे बदला. कौले उतरलेली असताना हे काम निम्म्या खर्चात होते.

कोन्यांसाठी कधी वर जावेच लागते. मग काही गोष्टींत तडजोड नको. छप्पर पूर्ण कोरडे असावे. शिडी चार हात उंचीला एक हात बाहेर या हिशेबाने लावलेली, वळचणीच्या वर तीन फूट आलेली आणि वर बांधलेली असावी. कौलांवर सरळ उभे राहायचे नाही. छपरावर दुसरी शिडी उताराच्या दिशेने टाकून तिचा आधार आढ्यापलीकडे द्यायचा आणि तिच्यावरच चालायचे. कौलावर पाय ठेवावाच लागला तर खालच्या कडेशी, जिथे खाली रीप आहे तिथे. मधे ठेवला तर फुटते. अंगावर पूर्ण हार्नेस, नुसता कमरेचा पट्टा नाही, आणि दोर पलीकडच्या बाजूच्या जिवंत झाडाला किंवा घराच्या भक्कम खांबाला बांधलेला. विजेच्या खांबावरून घरात येणारी तार वळचणीपाशीच असते, तेव्हा महावितरणच्या माणसाकडून ती बंद करून घ्या. ॲल्युमिनियमची शिडी तिच्या आसपासही नको. आणि आई एकटी घरी असताना एकट्या माणसाला वर चढू देऊ नका. खाली कुणीतरी शिडी धरणारे, हाक ऐकणारे हवे.

पडवीच्या सिमेंटच्या पत्र्यांना हातच लावू नका. जुन्या पत्र्यांत ॲसबेस्टॉसचे तंतू असतात. प्रेशरने किंवा कोरड्या ब्रशने घासले की ते मोकळे होऊन हवेत आणि अंगणात जातात, आणि फुप्फुसात गेलेला तंतू वर्षानुवर्षे तिथेच राहतो. कर्करोगाचे ते सिद्ध कारण आहे. शिवाय साठ वर्षांचा पत्रा माणसाचे वजन घेत नाही. तो वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो. माझ्या हाताखालचा एक मुलगा असाच गोठ्याच्या पत्र्यातून खाली आला. खाली गवताची पेंढी होती म्हणून वाचला. त्या दिवसापासून पत्र्यावर माणूस चढवणे मी बंद केले. कौलांवर फवारता तेच औषध शिडीवरून पत्र्यावरही फवारा, शेवाळ मरेल आणि पावसात आपोआप गळेल. बदलायचा असेल तेव्हा पत्रा ओला करून, न फोडता, अख्खा उतरवून घ्या.

शेवाळ पुन्हा येऊ नये यासाठी औषधापेक्षा ऊन कामाचे. मागची पाखी हिरवी आहे म्हणजे ती बहुधा उत्तरेची आहे आणि वर फणसाची किंवा आंब्याची फांदी आहे. हिवाळ्यात उत्तरेच्या पाखीला ऊन तिरपे आणि कमी मिळते, त्यात झाडाची सावली आणि पाचोळा. झाड तोडू नका, छपरावर आलेल्या फांद्या मात्र मागे घ्या. आढ्याखाली तांब्याची पट्टी लावण्याबद्दलही लोक विचारतात. तिच्यावरून वाहणारे पाणी शेवाळ रोखते हे खरे, पण खाली जस्ताची पन्हळ असेल तर ती लवकर गंजते, आणि ते पाणी प्यायच्या साठ्यात जाऊ नये. सुपारीवर मारतात तसे बोर्डो मिश्रण छपरावर मारायचा मोहही टाळा. निळे डाग जात नाहीत आणि मोरचूद थेट विहिरीकडे वाहते.

धुऊन झाल्यावर लाल रंग लावून देतो म्हणणारे भेटतील. लावू नका. कौल वरून भिजते आणि दोन्ही बाजूंनी सुकते. रंगाने वरची बाजू बंद झाली की ओल आत अडकते आणि तीन-चार वर्षांत रंगाचे पापुद्रे निघतात.

गणपतीला याल तेव्हा एवढे करा. भर दुपारी, पाऊस उघडलेला असताना, माळ्यावर जा, दिवा बंद करा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथल्या रिपेवर खडूने खूण करा आणि फोटो काढून ठेवा. दिवाळीत फवारणाऱ्याला आणि वैशाखात शाकारणीवाल्याला ते दाखवा. आणि शंभरेक जुनी कौले मिळाली तर आताच घेऊन गोठ्यात रचून ठेवा. रचना तीच असली तरी नवीन कौल जुन्याच्या पन्हळीत नेमके बसेलच असे नाही, आणि मे महिन्यात सगळा गाव तीच शोधत असतो.